डबल बेल

तोफेनं स्टीलचा किडनी ट्रे खाटेच्या कडेला पालथा घातला आणि त्यावर चिमटा हाणला. टण्ण!

"कसा आहे आवाज? भिंतीवरची बेल तीन वर्षं आजारी आहे. तिचा केसपेपरसुद्धा काढलाय."

तोफ म्हणजे वॉर्डची मोठी सिस्टर. तिचं खरं नाव फक्त हजेरीपटात उरलं होतं. ती नुसती कुजबुजली तरी खालच्या मजल्यावरचे बहिरे खडखडीत बरे होऊन घरी जातात, असं लोक सांगत. लोक म्हणजे ती स्वतः.

खाटेवरची मुलगी हसली नाही. ती बसकंडक्टर होती. काल डेपोच्या विश्रांतीखोलीत ओळखीच्याच माणसानं तिच्यावर बळजबरी केली होती आणि आज सकाळी ती एकटी चालत इथं आली होती. कपडे पुरावा म्हणून कागदी पिशवीत गेले होते, अंगावर हॉस्पिटलचा गाउन होता.

"तपासणी मला नाही जमायची, मावशी."

"नको असेल तर औषधं घे आणि जा. त्याला कसली अट नाही. पण आजचे पुरावे उद्या मिळायचे नाहीत, एवढं खरं. बाकी मी दिवसभर खोटंच बोलते." तिनं चिमटा पुढे केला. "तुमच्या गाडीत कसं असतं?"

"सिंगल बेल थांबा. डबल बेल चला."

"मग गाडी तुझी. या डॉक्टरबाई ड्रायव्हर. तुझ्या बेलशिवाय चाक हलणार नाही."

डॉक्टरबाई नवी होती. तिनं घड्याळाकडे पाहिलं. "सिस्टर, बाहेर हवालदार ताटकळलेत."

"ताटकळू देत. स्टॉप आल्याशिवाय कुणी चढायचं नसतं."

मुलगी चिमट्याकडे बघत राहिली. मग तिनं तो हातात घेतला. टण टण.

डॉक्टरबाईनं कापसाची काडी उचलली.

टण!

हात जागच्या जागी थांबला. मुलीनं त्या हाताकडे रोखून पाहिलं. तो खरंच थांबला होता. टण टण. निघाला. टण! थांबला. एका टोल्याला छताचा पंखा थांबला, जिन्यातलं स्ट्रेचर थांबलं, हवालदाराची जांभई अर्ध्यात थांबली, असं तोफ पुढे रंगवून सांगायची. पंखा मुळातच बंद होता, तेवढं गाळायची. पण मुलीची पाठ ताठ होत गेली, गालांवर रंग चढला, आणि डॉक्टरबाई घड्याळ विसरून पुढच्या टोल्यासाठी कान देऊन उभी राहिली, हे मात्र जसंच्या तसं घडलं. सतरा वेळा गाडी थांबली. सतराही वेळा निघाली.

शेवटी नमुने पाकिटात गेले. पाकीट सील करायला तोफेनं मेणबत्तीवर लाखेची कांडी धरली. डॉक्टरबाई भरलेला कागद वाचून दाखवू लागली.

"अंगावर जखमा नाहीत. प्रतिकार केला नाही."

टण्ण! ट्रेला पोचा आला.

"काय झालं? ढकललंत का विचारलं, तेव्हा तुम्ही मानेनं नाही म्हणालात."

"नाही ढकललं. हात हलतच नव्हते माझे." मुलीचा आवाज चढला. "पण तीनदा म्हटलं, थांबा. दिवसभर तोच शब्द असतो माझ्या तोंडात. त्यावर अख्खी बस थांबते. तो नाही थांबला."

हातभर गोष्ट कोसभर करणारी तोफ आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलली.

"लिहा, डॉक्टरबाई. ती म्हणाली तसंच. अक्षर कमी नको." क्षणभर तिलाच वाढवून सांगायचा मोह झाला. "जास्तही नको."

डॉक्टरबाईचे कान लाल झाले. तिनं ती ओळ खोडली, शेजारी सही केली आणि नवी ओळ लिहिली. वाचून न दाखवता तिनं कागदच मुलीकडे वळवला.

मुलीनं ओळीवर बोट ठेवून वाचलं. पुन्हा वाचलं.

दारावर हवालदाराची थाप पडली. "झालं का हो?"

लाख वितळून कांडीच्या टोकाशी लोंबत होती. तोफेनं ती पाकिटावर तशीच अधांतरी धरली आणि डोळे मुलीच्या हातातल्या चिमट्याकडे लावले.

टण टण.