ऋषीच्या भाजीचा वाफा

पत्र आलं तेव्हा मैत्रेयी काकडीच्या वेलाला सुतळी बांधत होती. पोस्टमननं ते दाराच्या फटीतून आत न टाकता सरळ तिच्याच हातात दिलं. तिनं सवयीनं आधी खिशातलं सॅनिटायझर काढून पाकिटावर मारलं, मग ते फोडलं.

आयर्लंडमधल्या ओंगारच्या त्यांच्या वसाहतीचा कारभार बघणाऱ्या कंपनीचं पत्र. घरासमोर हिरवळीशिवाय काही लावायला परवानगी नाही. दहा सप्टेंबरपर्यंत भाजीपाला काढून टाकावा. नाही तर अकरा तारखेला सकाळी आमचा माणूस येईल, वाफा सपाट करील आणि वर हिरवळ अंथरेल.

"अकरा सप्टेंबर!" ती घरात शिरत म्हणाली. "मुहूर्त तरी बघ काय काढलाय. ऋषिपंचमी."

श्रीपाद जेवणाच्या टेबलावर होता. गेलं दीड वर्ष त्याचं ऑफिस त्या टेबलाच्या एका टोकाला होतं आणि दुसऱ्या टोकाला ते जेवत. त्यानं पत्र दोनदा वाचलं. "काढून टाकू. मागे आहे की जागा."

"मागे ऊन कुठाय? मागे शेवाळ येतं. तू खा शेवाळाची भाजी."

"मैत्रेयी, घर घेऊन दोन वर्षं नाही झाली. चारचौघांत नाव नको व्हायला."

"माझं नाव झालंच आहे. पत्रावर चुकीचं लिहिलंय, तेवढंच."

मागची बाग उत्तरेला, तिच्यावर शेजारच्या तीन मजली इमारतीची सावली. ऊन काय ते पुढच्या दारी. आणि त्या पुढच्या दारच्या चार ढांगा मातीशी मैत्रेयीचं काय होतं, ते श्रीपादला ठाऊक नव्हतं असं नाही. फक्त त्याला ते आठवायला आवडत नसे.

२०२०च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं तेव्हा त्यांची मुलगी इरावती दोन वर्षांची होती. मैत्रेयी मायक्रोबायॉलॉजी शिकलेली. डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींची तिला इतरांपेक्षा जास्त माहिती आणि त्याहून जास्त धास्ती. दुधाचा डबा साबणानं धुवायचा, केळी धुवायची, पावाची पिशवी पुसायची. खिडकीत उभी राहून कोण कुणापासून किती अंतरावरून गेलं ते बघायचं. एप्रिलमध्ये एकदा दारातल्या गवतावर एक पांढरं पीस पडलेलं दिसलं. "उचल ना इरा, बघ कित्ती छान आहे." पोरीनं दोन्ही हात छातीशी घट्ट धरले आणि मागे सरकली. "डर्टी, मॅमी."

रोग बाहेरून यायचा तेव्हा येईल, पण ही भीती मैत्रेयीनं स्वतःच्या हातानं पोरीला भरवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरातलं उलथनं घेऊन बाहेर गेली आणि हिरवळ उकरायला लागली. दुकानं बंद होती, खुरपं आणणार कुठून?

अक्षय तृतीयेला वेलभाज्या लावायच्या, हे ती लहानपणापासून बघत आली होती. पंचांग बघून तिनं त्या रविवारी भोपळा आणि घेवडा पेरला. मे महिन्याच्या मध्यात कोंब वर आले, आणि एका सकाळी बघते तर सगळे काळे पडून माना टाकलेले. रात्री दहिवर गोठलं होतं. शेजारची ब्रीडा, शहात्तर वर्षांची, घराबाहेर पडू नको असं सरकारनं सांगितलेली, स्वतःच्या दारात खुर्ची टाकून बसली होती. तिथूनच ओरडली, "मे संपेपर्यंत बाहेर काही लावायचं नसतं गं, पोरी! आयर्लंड बेट आहे खरं, पण तुला वाटतंय तसं उन्हातलं नव्हे."

"मग आता काय करू?"

"परत पेर. दुसरं काय करतात?"

जूनमध्ये परत पेरलं. या खेपेला इरानं एका बोटानं घेवड्याचा दाणा मातीत ढकलला, बोट वर काढलं, काळं झालेलं नख बघितलं आणि आईच्या हाताची वाट बघत थांबली. मैत्रेयीनं सॅनिटायझरची बाटली पाठीमागे लपवली. मग ब्रीडा 'छान'ला म्हणते तसंच इरा म्हणाली, "ग्रँड," आणि दुसरा दाणा मागितला.

त्या दिवसापासून तो वाफा हलवायचा नाही असं मैत्रेयीनं मनाशी ठरवलं होतं. हिवाळ्यात तिनं त्यावर पुठ्ठे अंथरले. एशियन दुकानातून आणून लावलेल्या अळकुड्या थंडीत कुजू नयेत म्हणून उपटून, कागदात गुंडाळून हॉट प्रेसमध्ये ठेवल्या. हॉट प्रेस म्हणजे गरम पाण्याच्या टाकीचं कपाट. इथे लोक त्यात टॉवेल ठेवतात. फेब्रुवारीत श्रीपाद अंघोळ करून टॉवेल काढायला गेला आणि किंचाळला. टॉवेलच्या घडीतून गुलाबी कोंब डोकावत होता. इरा आठवडाभर येईल त्या व्हिडिओ कॉलला सांगत होती, "बाबा वॉज स्केर्ड ऑफ अळू."

२०२१ची अक्षय तृतीया तिनं घरातल्या घरात केली, खिडकीतल्या कुंड्यांमध्ये. जून लागल्यावर रोपं बाहेर. जुलैत आयर्लंडला न शोभणारं ऊन पडलं, आणि लाल माठ, भोपळा, घेवडा, मका, काकडी, अळू असं सगळं एकमेकांच्या अंगावर चढत वाढलं. त्यावर हे पत्र.

गणपतीच्या आदल्या दिवशी आईंचा, म्हणजे सासूबाईंचा, रत्नागिरीहून फोन आला. "ऋषीची भाजी करशील ना गं? बैलाच्या कष्टाचं काही नको हो त्यात. माणसानं हातानं पिकवलेलं तेवढंच."

"बाजारातलं चालतं आई," श्रीपाद मागून म्हणाला. "इथे ट्रॅक्टर असतो. ट्रॅक्टरला शिंगं नसतात."

"तू गप रे. मैत्रेयी, तुझ्याकडचं आहे ना हातचं?"

"शनिवार सकाळपर्यंत आहे," मैत्रेयी म्हणाली आणि पत्राचं सांगितलं.

मग आई म्हणाल्या, "येणाऱ्याला हात जोडून सांग, बाबा, गवत बैल खातात, आम्ही नाही."

श्रीपादला हसू आवरेना, आणि हसता हसता तो जरा वरमलाही.

शनिवारी आठ वाजता पांढरी व्हॅन आली. पिवळं चमकतं जाकीट घातलेला पन्नाशीचा माणूस उतरला. मागे हिरवळीच्या गुंडाळ्या रचलेल्या, माती उलटवायचं यंत्र. मैत्रेयी वाफ्याच्या मधोमध गुडघ्यांवर बसलेली होती, शेजारी रबरी बुटांत इरा. तिच्या हातात लसणाच्या पाकळ्यांची वाटी.

"मिसेस, तुम्हाला पत्र मिळालं असेल," तो इंग्रजीत म्हणाला.

"मिळालं."

"मग हे काढलं का नाही?"

"कारण काढणार नाही. तेही लिहून कळवलंय. एका ओळीत."

तिनं इराच्या वाटीतली एक पाकळी उचलून मातीत दाबली.

"माझं काम तेवढंच आहे हो. आधी फोटो, मग मशीन. जरा बाजूला होता का?"

"फोटो माझ्यासकट काढा. आणि मशीन फिरवायचं तर तेही माझ्यासकट."

तो कानामागे खाजवत उभा राहिला. ब्रीडा दारात आली होती. "टेरेन्स!" ती तिथूनच गरजली. "तुझ्या आज्जीनं पुढच्या दारी बटाटे लावले होते, ते मी खाल्लेत! लाज आहे का?"

टेरेन्सनं ऑफिसला फोन लावला. शनिवारी सकाळी तो कोण उचलणार! वाट बघता बघता त्यानं इराकडे पाहिलं. ती पाकळी मातीत दाबत होती.

"पॉइंटी बिट अप," तिनं त्याला बजावलं. "अदरवाइज इट गेट्स लॉस्ट."

"इज दॅट राइट?" तो म्हणाला आणि फोन खिशात ठेवला. "मी कुणाचं जेवण उपटत नाही, मिसेस. पण सोमवारी ते दुसऱ्याला पाठवतील."

"सोमवारी मी इथेच आहे. मंगळवारीही."

एवढ्यात दार उघडून श्रीपाद बाहेर आला. घरातले कपडे, कानात शनिवारीही ऑफिसचा हेडफोन. मैत्रेयीला वाटलं, आता हा माफी मागणार. तो सरळ वाफ्यात उतरला आणि खाली बसला, नेमका माठावर.

"अरे माठ!"

"सॉरी. कुठे बसू?"

"मक्याच्या बाजूला. आणि वाटी धर."

व्हॅन गेली. मैत्रेयीनं अळूची पानं कापली, पण कंद ठेवले. घेवडा खुडला, पण वेल ठेवला. काकडी तोडून तिनं इराच्या हातात दिली आणि पोरीनं ती मातीसकट कचकन चावली. मैत्रेयीचा हात खिशातल्या बाटलीकडे गेला, तिथेच थांबला, आणि मग न राहवून तिनं निदान काकडीचं दुसरं टोक पदरानं पुसावं तसं टी-शर्टच्या कडेनं पुसलंच.

लसणाची ओळ फुटपाथपर्यंत गेली. ब्रीडा म्हणाली होती, लसूण सगळा हिवाळा जमिनीत काढतो आणि जूनमध्ये तयार होतो. मैत्रेयीनं आइस्क्रीमची काडी घेतली, त्यावर मार्करनं मोठ्या अक्षरात लिहिलं, आणि येणाऱ्या कुणालाही वाचता येईल अशी, रस्त्याकडे तोंड करून रोवली.

गार्लिक. जून २०२२.