मुकुटवाला थेंब

माझा धाकटा भाऊ कधीच फार शहाणा नव्हता, पण हा इतके दिवे लावेल असं वाटलं नव्हतं. मी त्वचेच्या डॉक्टरांकडे एकोणीस वर्षं मदतनीस आहे. लोकांनी अंगावर काय काय गोंदवलंय ते पाहून झालंय: सोडून गेलेल्या मैत्रिणी, मेलेली कुत्री, पोराची चुकीची जन्मतारीख. पण पाण्याच्या पंपाच्या कंपनीचं चिन्ह गोंदवणारा आमच्याच घरात निघावा?

उजव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत, मुकुट घातलेला हिरवा थेंब. वार्षिक संमेलनात मोठ्या साहेबांनी विचारलं, कंपनी कुणाच्या रक्तात आहे? चाळीस हात वर झाले. साहेबांनी गोंदणाऱ्यालाच स्टेजवर बोलावलं, तसे एकोणचाळीस खाली आले. आमच्या ध्यानाने बाही वर सारली. कॅलेंडरवर मार्चच्या पानावर त्याचा फोटो छापला. पुढच्याच मार्चमध्ये 'प्रिय सहकारी' असं लिहून त्याला घरी बसवलं.

आता दहा दिवसांनी दुसऱ्या पंप कंपनीत मुलाखत होती. तिथे पंप उघडून दाखवायचा, म्हणजे बाह्या वर करणं आलंच. ही नोकरी हुकली तर पोरांना घेऊन माहेरी जाते, असं त्याच्या बायकोने स्पष्ट सांगितलं होतं. मला तिचं चुकलं असं वाटत नाही.

"ताई, पुसून दे ना," तो म्हणाला. जशी काही फळ्यावरची बेरीज.

"लेझरने निघेल," डॉक्टर म्हणाले. "आठ-दहा वेळा यावं लागेल, दर वेळी दीड-दोन महिन्यांनी. हिरवा रंग चिवट असतो."

"दहा दिवसांत किती जाईल?"

"दहा दिवसांत फोड जातील. थेंब तिथेच असेल."

कापून काढा म्हणाला. एवढी कातडी कापली तर मांडीची आणून लावावी लागेल, आणि व्रण राहील तो वेगळाच. घासून काढलं तरी व्रण आहेच. गोंदणाऱ्याने सल्ला दिला की वर मोठा ऑक्टोपस काढू. मुकुटाचं काय करणार, मी विचारलं. ऑक्टोपसांचा राजा करू म्हणे. बायकोने कुठूनतरी डाग विरघळवणारी बाटली मागवली होती. मी बूच उघडून वास घेतला आणि सरळ कचऱ्यात टाकली. तेवढ्याने हाडापर्यंत साफ झालं असतं.

शेवटी लेझरच ठरलं. बधिर करणारं मलम लावलं, डोळ्यांवर चष्मा चढवला. तरी पहिल्या ठिणगीला त्याने डाव्या हाताने माझा हात असा आवळला की माझी बांगडी मनगटात रुतली. राग होताच, पण त्याचा घामेजलेला चेहरा पाहून मी हात सोडवून घेतला नाही. लहानपणी दात काढतानाही असाच धरायचा. पट्टी बांधली आणि बजावलं, "कुणी विचारलं तर चहा सांडला म्हणायचं. बाकी तोंड उघडायचं नाही."

मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आला तो नाचतच.

"ताई, झालं काम."

पंप उघडताना पाणी उडालं, पट्टी भिजून सुटली आणि सुजलेला थेंब मुकुटासकट बाहेर आला. समोरच्या साहेबांनी लगेच ओळखलं. वीस वर्षं त्याच कंपनीशी त्यांचं भांडण. चहाचं सांगायचं सोडून या बाबाने संमेलनापासून सगळं सांगून टाकलं.

"मग? हाकलला नाही?"

"उलट पाठीवर हात ठेवला. म्हणाले, आम्हाला अशीच माणसं हवीत. आमच्यासाठीही एवढं करशील का?"

"तू काय म्हणालास?"

 त्याला हसू मावत नव्हतं. बायकोने माहेरची बॅग रिकामी केली, पोरांना मिठाई आणली, हे सांगत बसला. मी ऐकत होते, पण माझी नजर त्याच्या डाव्या हातावर गेली. मनगटापासून कोपरापर्यंत एकही केस नव्हता. गोंदण्याआधी फिरवतात तसा, सकाळीच वस्तरा फिरवलेला दिसत होता.

 मी त्याचा तो गुळगुळीत हात हातात घेतला आणि नुसती धरून बसले.