अंतरपाटाच्या कडेची दोन बोटं

मित्रांनो, लग्नात नवरा-नवरीच्या मध्ये धरतात ना, तो मी एक जुना अंतरपाट आहे. आज मला बघून कोणी नाक मुरडेल, पण माझं सूत वलगावच्या काळ्या मातीतलं! त्या वर्षी साता समुद्रापलीकडे लढाई जुंपली, तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. तरी माझ्या मालकिणीने, पार्बताबाईंनी, एक टोपलं कापूस मागे ठेवला, स्वतः कातला आणि लेकीच्या लग्नासाठी मला विणून घेतलं.

माघात त्या लेकीचं, मैनाचं, लग्न लागलं. मंगलाष्टकं संपली आणि मला बाजूला ओढलं. वाटलं, सुटलो. कसचं काय!

पार्बताबाईंची थोरली लेक पटकीने गेली होती. तिचा चेहराच आता आठवत नाही, म्हणून त्या रडत. मैना तर अकोल्याच्याही पलीकडे जाणार होती. तिचा तरी चेहरा घरात राहावा म्हणून त्यांनी हट्टाने अमरावतीचा उत्तमराव तसबीरवाला बोलावला. तेव्हा तसबीर काचेवर उतरायची, पण बैलगाडीच्या हादऱ्यांनी त्याच्या काचा फुटल्या. दोनच उरल्या, म्हणजे दोनच तसबिरी.

पहिली मांडवात काढली. हळदीने पिवळीधमक झालेली मैना तसबिरीत तव्यासारखी काळी! बायकांनी तोंडाला पदर लावले.

"काहून व माय, पोरीले गिऱ्हान लागलं काय?"

"गिऱ्हान नाही, हळद हाय," उत्तमराव म्हणाला. "पिवळं काचेवर काळंच उतरते. अन् मांडवात उजेड कुठं हाय? तोंड धुवा, अंगनात चाला."

नवरीची हळद धुवायची? कुजबुज सुरू झाली. पार्बताबाईंनी कोणाचं ऐकलं नाही. तांब्या घेऊन लेकीचं तोंड त्यांनीच धुतलं.

अंगणात कापसाचा ढीग होता. त्याच्याजवळ मैनाला उभं केलं, तर कापसाचा उजेड एकाच गालावर आला. दुसरा गाल अंधारातच. उत्तमरावाने माझ्याकडे बोट दाखवलं, "हा अंतरपाट धरा इकून."

भटजी खवळले. "सरलेला अंतरपाट पुन्हा मध्ये धरायचा नाही!"

"मधी कोन धरते, महाराज? मी बाजूले धरून राहिली," पार्बताबाई म्हणाल्या. कुंकवाचं स्वस्तिक मागे फिरवून त्यांनी मला उन्हात ताणलं.

माझ्या पांढऱ्या अंगावरचं ऊन मैनाच्या दुसऱ्या गालावर गेलं. काचेवर तसबीर उतरेपर्यंत उत्तमरावाने बारा अंक मोजले. पार्बताबाईंच्या डोळ्यांतून धार लागली होती, पण त्यांनी मला तसूभर हलू दिलं नाही. चेहरे झाकणं हे माझं काम. त्या दिवशी मी चेहरा दाखवला, आणि मला फार अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू!

तसबीर झकास उतरली. पार्बताबाई रोज ती माझ्याच टोकाने पुसत. पुढे त्या गेल्या आणि माझे हाल सुरू झाले. कोणी माझ्यावर कुरडया वाळत घातल्या, कोणी मला ट्रंकेच्या तळाशी कोंबलं.

खूप वर्षांनी केस पिकलेली मैना माहेरी आली. तिने मला काढून तसबीर पुसली. स्वतःच्या रूपाकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. काचेच्या कडेला माझा काठ आला होता, आणि त्या काठावर तिच्या आईची दोन बोटं. त्यांच्यावर आपली बोटं ठेवून ती हुंदक्याने म्हणाली, "माय, तुई तसबीर काढाची राहूनच गेली व."

मित्रांनो, तुम्ही आता हव्या तितक्या तसबिरी काढता. जुनं कापड जपा की नका जपू, पण तुमच्यासाठी उजेड धरून उभं राहणाऱ्या माणसालाही एकदा समोर उभं करा. नुसत्या दोन बोटांवर भागत नाही हो.