खुंट्या बसवताना

धम्मदीपचा उजवा कान जानेवारीत गेला, डावा जूनमध्ये. हिंजवडीच्या एका कंपनीत तो सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचा आणि सुट्टीच्या दिवशी मित्राच्या, शुभंकरच्या बँडमध्ये गिटार वाजवायचा. डॉक्टर म्हणाले, कानाच्या आत यंत्र बसवलं तर बोलणं कळेल कदाचित. संगीत पूर्वीसारखं कळणार नाही. त्याची बायको पूर्वा हिने हे मोबाइलवर टाइप करून त्याच्यापुढे धरलं. त्याने वाचलं, मोबाइल परत दिला आणि म्हणाला, "रिक्षा बघ."

नव्या गिटारचं काम त्याआधीच सुरू झालं होतं. धम्मदीपची बोटं आखूड. दुकानातल्या गिटारची नेक, म्हणजे पुढची दांडी, त्याच्या हाताला जाड पडायची. म्हणून गिटारचं खोकं त्याने स्वतः, पुण्याजवळ मांजरीला त्यांच्या फ्लॅटच्या बाल्कनीत घासून तयार केलं होतं आणि नेक मापं देऊन नारायण पेठेत वाद्यं बनवणाऱ्या श्रीनिवासकाकांकडे करायला टाकली होती. पावसाळा सरता सरता काकांचा पूर्वाला फोन आला. "नेक झालीय. खुंट्या मीच बसवून देऊ का?"

तिने धम्मदीपला विचारलं. "नको," तो म्हणाला. "त्या मीच बसवणार."

रविवारी दुपारी त्याने जेवणाच्या टेबलावर टॉवेल अंथरला आणि नेक त्यावर पालथी ठेवली. टोकाला तारा पिळायच्या खुंट्यांसाठी सहा भोकं होती. एकेक खुंटी मागून आत सरकवायची, पुढून तिला वॉशर आणि नट लावायचा, पट्टी धरून सहाही एका ओळीत आणायच्या. मग प्रत्येक खुंटी फिरू नये म्हणून मागे एक बारीक स्क्रू. त्याने पेन्सिलीने खुणा केल्या, बारीक भोकं पाडली, स्क्रूंना मेणबत्तीचं मेण लावलं. त्याचे हात पूर्वीसारखेच चालत होते. पूर्वाला वाटलं, आज बरा दिवस आहे.

पहिलाच स्क्रू आवळताना लाकूड कुरकुरलं. स्क्रू अडला की तो आवाज येतो, आणि तो ऐकून हात थांबतो. धम्मदीपचा थांबला नाही.

"दीप, थांब!" पूर्वा ओरडली.

स्क्रूचं डोकं तुटून टॉवेलवर पडलं. धम्मदीपने ते उचलून तळहातावर घेतलं. मग तिच्याकडे पाहिलं.

"तू ओरडलीस?"

तिने होकाराची मान हलवली.

"मला ओरडून काय उपयोग, पूर्वा? हात धरायचास ना माझा!"

त्याचा आवाज फार चढला होता. त्याला ते कळत नव्हतं. शेजारच्यांचं दार उघडल्याचं पूर्वाने ऐकलं. ती खुर्ची ओढून त्याच्या जवळ बसली आणि त्याच्या मनगटावर दोन बोटं ठेवली. बाकीचे पाच स्क्रू त्यांनी तसेच बसवले. लाकूड कुरकुरलं की ती बोटं दाबायची, तो थांबायचा, स्क्रू उलटा फिरवून पुन्हा आवळायचा. तुटलेल्या स्क्रूची खुंटी नटवरच घट्ट राहिली.

संध्याकाळी नेक खोक्यावर चढली, तारा लागल्या. ट्यूनरचा काटा बघत त्याने सहाही तारा सुरात आणल्या, छोटा अँप लावला आणि वाजवायला लागला. एकदाही बोट चुकलं नाही.

"कसा आहे आवाज?"

"छान," पूर्वा म्हणाली. तिचे ओठ त्याला आता बऱ्यापैकी वाचता यायचे.

"छान तर कुकरची शिट्टीपण असते. कसा आहे ते सांग."

पूर्वाला संगीतातलं काही कळत नव्हतं. त्याच्या कार्यक्रमांत ती मागच्या खुर्चीवर पेंगायची. तिने शब्द शोधले. "जुन्या गिटारपेक्षा जाड. जाड तारा वाजतात तेव्हा ऊब वाटते."

"काय वाटते?"

तिने टाइप केलं : ऊब. तो त्या दोन अक्षरांकडे बघत राहिला. मग गिटारवर कपाळ टेकून इतका रडला, की त्याच्या हुंदक्यांनी तारा हलत होत्या आणि अँपमधून त्यांची गुणगुण येत होती. ती फक्त पूर्वाला ऐकू आली. तिने उठून अँप बंद केला.

पुढच्या आठवड्यात त्याने शुभंकरला बोलावून घेतलं आणि वाजवायला लावलं. शुभंकरची बोटं बघून त्याने गाणं ओळखलं, दोन ओळी नुसती मान डोलावली, मग खिडकीकडे तोंड फिरवलं.

"घेऊन जा," तो म्हणाला.

"धम्या, राहू दे की इथेच."

शुभंकर काय म्हणाला असेल हे ओठ न बघताही त्याला कळलं असावं.

"इथे राहिली तर मी रोज वाजवीन आणि रोज हिला विचारीन, कसा वाटतो म्हणून. हिने किती दिवस सांगायचं?"

शुभंकर गिटार घेऊन गेला. जिन्यात तो थांबला, नाक ओढलं, मग सावकाश खाली उतरला. पूर्वा दाराशी उभी राहून ऐकत होती.

"गेला?" धम्मदीपने आतून विचारलं.

तिने त्याच्यासमोर जाऊन होकाराची मान हलवली. तो अँपची वायर गुंडाळत होता. त्यानंतर त्याने तिला कुठल्याच आवाजाबद्दल काही विचारलं नाही.