पहिली वाटी

सहकारी संस्थांच्या मेळाव्यात कृषी महाविद्यालयाच्या प्राध्यापकांनी वाळवंटाची माहिती सांगितली होती. दिवसा भाजून काढणारं ऊन, रात्री हुडहुडी, चुकूनमाकून येणारी सर आणि वाहता वाहता वाळूत गडप होणाऱ्या नद्या. तिथली माणसं म्हणे वाळू उकरून पाणी मिळवतात. मजूर संस्थेचा चेअरमन राधाकिशन उठून म्हणाला होता, "मंग आमी वाळू उपसून वाळवंटच हटवलं की, साहेब!" सगळा मंडप हसला होता.

यंदाच्या उन्हाळ्यात ते हसू आठवलं, की त्याला घास उतरत नसे.

आज नदीच्या पात्रात त्याची चुलती छबुबाई झिरा उकरत होती. पूर्वी हातभर वाळू बाजूला सारली की पाणी पाझरायचं. ती वाळू संस्थेच्या ट्रॅक्टरांनी नेली होती, आणि आता खोरं खडकावर खणकन आपटत होतं. देवळाजवळच्या वळणावर तेवढा शेवटचा थर शिल्लक होता. तोही आज उचलायचा होता. काठावर सत्तार ट्रॅक्टर घेऊन चेअरमनच्या हुकमाची वाट पाहत होता.

"ये रे चेरमन! काकूची इहीर बगाया आलास व्हय?"

"काकू, ही वाळू आमी..."

"असू दे. मागल्या दुष्काळात तुज्या सोसायटीनं माज्या धोंडीरामाला काम दिलं, तवा चूल पेटली. तुला बोल कशाला लावू?"

तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

खडकाच्या कपारीतून तिनं कशीबशी वाटीभर पाणी खरवडलं. झिऱ्याची पहिली वाटी नदीला परत द्यायची, ही गावची रीत. तिनं वाटी कलंडली. एरवी वाळूनं ते पाणी गटकन पिऊन टाकलं असतं. आज ते तापल्या खडकावरून ओघळलं, राधाकिशनच्या चपलेपाशी थबकलं आणि पाहता पाहता सुकून गेलं.

दुसरी वाटी भरेना.

राधाकिशननं सत्तारला हात केला. "ट्रॅक्टर माघारी घे. वळणावरची वाळू उचलायची न्हाई. आज न्हाई, उद्या बी न्हाई."

"अन् धोंडीराम आन् बाकीचे समदे तितं फावडी घेऊन बसलेत. त्यांला काय सांगू, चेअरमन?"

छबुबाईचा हात कपारीतच थांबला. मुलाचं नाव ऐकून तिनं वर पाहिलं.

"तू नको सांगू. मी सांगतो," राधाकिशन म्हणाला आणि मजूर बसले होते त्या वळणाकडे निघाला.