अर्जुनाचे पाच कंद

लसीच्या बाटल्या मोजता मोजता माझा हात फ्रीजच्या खालच्या कप्प्यात गेला आणि एका पत्र्याच्या डब्याला लागला. चहाचा जुना डबा. झाकण काढलं तर आत वर्तमानपत्राचा कागद, कागदात वाळकं शेवाळ आणि शेवाळात पाच कांदे. कांदे तरी कसले, लसणीच्या गड्ड्याहून लहान, हिरवट, वर पान नाही, खाली मूळ नाही. माझं डोकंच फिरलं. सरकारी फ्रीज, त्यात गुरांच्या बुळकांडी रोगाची लस, आणि कोणीतरी त्यात आपली भाजी ठेवतोय. मी जागेवरूनच अर्जुनाच्या नावानं ओरडलो.

तो आला. डबा माझ्या हातात बघून दाराशीच ताठ उभा राहिला.

"भाजी न्हाई ती साहेब. निजल्यात ते," तो म्हणाला.

पलूसच्या पुढच्या एका गावात तेव्हा गुरांचा दवाखाना होता. तिथं मी स्टॉकमन होतो, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरच्या हाताखालचा माणूस. स्टॉकमन खात्याच्या कागदावर; गावात मला सगळे डॉक्टर म्हणायचे आणि मीही कोणाची चूक सुधारायला जात नसे. बायको-मुलं कोरेगावला, मी इथं खोली घेऊन एकटा. अर्जुना दवाखान्याचा शिपाई. फौजेत चौदा वर्षं काढून, सिक्कीमच्या बर्फात डाव्या पायाची दोन बोटं घालवून परत आलेला माणूस. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा होता आणि मी त्याला अरेतुरे करत होतो. तेव्हा त्यात काही वाटत नसे.

त्याला खुर्चीसमोर उभा करून मी सगळी हकीकत काढून घेतली. सिक्कीममध्ये त्यांच्या चौकीमागं खडकावर हे कंद उगवायचे. आपल्याकडे आंब्याच्या फांदीवर आमरी येते ना, त्यातलीच काहीतरी जात. थंडीत पानं झडून जायची, कंदांवर तीन-तीन महिने बर्फ पडून राहायचं, आणि बर्फ वितळलं की पान यायच्या आधी नुसत्या देठावर फूल यायचं. फिकट जांभळं, कंदापेक्षा मोठं. अर्जुनानं त्या फुलाबद्दल बायकोला, राहीबाईला, पत्रात लिहिलं होतं. पत्र मास्तरांनी वाचून दाखवलं, म्हणजे ते सगळ्या आळीनं ऐकलं. बर्फात कुठं फूल येतं व्हय, असं म्हणून बाया अजून तिला हसायच्या, आणि तीही त्यांच्याबरोबर नवऱ्याला हसायची. म्हणून पेन्शनीवर येताना त्यानं असे अकरा कंद आणले होते.

पहिल्या थंडीत त्यानं आपल्या भागात हळदीचं बेणं ठेवतात तसे ते ठेवले. सावलीत ढीग, वर पाला, त्यावर शेणमातीचं लिंपण. हळद त्यात झकास राहते. ह्यातले चार कुजले. उरलेले त्यानं पावसाळ्यात लावले, त्यांना पानं आली, फूल काही आलं नाही. दुसऱ्या वर्षी पानं झडल्यावर त्याला ते वाळल्यासारखे दिसले, म्हणून रोज तांब्याभर पाणी घातलं. आणखी दोन गेले. राहिले पाच.

"आपली थंडी म्हंजी पाहुनी हाय, साहेब. रातीला येती, दुपारी जाती," तो म्हणाला. "ह्यांची झोपच पुरी हुईना. मग फुलायचं कुटनं?"

मला हसू आलं. पण तो हसत नव्हता. राहीबाईच्या पोटात गाठ होती. दसऱ्याच्या आधी तिला मिरजेला नेलं होतं. डॉक्टरांनी पोट उघडलं, बघितलं आणि परत शिवून टाकलं. होळीपर्यंत काढेल, म्हणाले. पुरी झोप मिळाली तर फूल येतं ते होळीच्याच सुमाराला. तिला एकदा ते दाखवायचं, एवढंच त्याच्या मनात होतं.

लसीला धक्का लागता कामा नये, असं मी उगाच दरडावून सांगितलं आणि खालचा कप्पा त्याला देऊन टाकला.

तो ते कंद सांभाळायचा ते बघण्यासारखं असायचं. दर दोन दिवसांनी डबा काढायचा, एकेक कंद उजेडाला धरायचा, बोटानं चाचपायचा. पाण्याचा थेंब नाही. शेवाळ ओलसर वाटलं की ते उन्हात कडक वाळवून पुन्हा गुंडाळायचा. एका कंदाला बुरशीचा ठिपका दिसला तर ब्लेडनं तेवढा भाग कोरून त्यावर चुलीतली राख दाबली. जनावराला सलाईन लावताना ह्याचा हात इतका हलका मी कधी बघितला नव्हता, आणि तसं मी त्याला बोलूनही दाखवलं.

पौषात रॉकेलची बोंब झाली. आमचा फ्रीज रॉकेलवर चालायचा. खाली टाकी, वात आणि ज्योत. ज्योत निळी असली तर फ्रीज गार. पिवळी झाली की काजळी धरते आणि गारवा जातो. दुकानात रॉकेल मिळायचं तेच मुळात मुश्किलीनं, आणि मिळालं तरी त्यात काय काय मिसळलेलं असायचं. दर दोन-तीन तासांनी वात साफ करावी लागायची. दिवसा ठीक आहे, रात्री कोण बघणार? अर्जुनानं घोंगडी आणली आणि दवाखान्यातच झोपायला लागला.

मी त्याला नको म्हणालो नाही. खरं तेच सांगतो. आदल्या वर्षी माझी लस बिघडली होती आणि मला वरून मेमो आला होता. ज्योत बघणं हे माझं काम होतं. आता ते फुकटात होत होतं, तेही असा माणूस करत होता की जो डोळ्याला डोळा लावत नव्हता. मी खोलीवर गाढ झोपायचो. लोकांनी विचारलं तर सांगायचो, काय माणूस आहे बघा, बायकोसाठी जीव टाकतोय.

संक्रांत झाल्यावर एक दिवस अर्जुनाच्या शेजारणीनं, भामाबाईनं, मला बोलावलं. तिची शेळी अडली होती. शेळी मोकळी केली, हात धुतले आणि शेजारीच आहे तर राहीबाईला बघून जावं म्हणून मी आत डोकावलो. ती बाजल्यावर होती. अंगात काही राहिलं नव्हतं, पण नजर खडखडीत होती. मी आपला धीर द्यायला लागलो की कंद छान आहेत, यंदा फूल बघालच तुम्ही. तिनं मला मधेच थांबवलं.

"डाक्टर, ते फौजेत व्हते तवा चौदा वर्सं म्या वाट बघितली. आता गावात हायती, तरी वाटच बघत्ये. मला फूल न्हाई दिसलं तरी चालंल. त्यास्नी रातचं घरी धाडा."

तुम्हीच का नाही सांगत, असं मी विचारलं.

"सांगितलं की. तुज्यासाठीच तर करतोय, म्हनत्यात. मग म्या काय बोलू?"

मी सांगतो म्हणालो. आणि ते मनापासून म्हणालो होतो. परतताना वाटेतल्या ओढ्यापर्यंत माझ्या मनात तेच होतं. दवाखान्यात आलो तर अर्जुना गुडघ्यावर बसून ज्योत बघत होता. वर मान करून म्हणाला, साहेब, निळी हाय. टेबलावर सांगलीहून आलेलं पत्र होतं. सोमवारपासून लसीची मोहीम, लस शनिवारी पोहोचेल. म्हटलं, मोहीम होऊन जाऊ दे, मग सांगू. चार दिवसांनी काय फरक पडतो?

मोहीम एक आठवडा पुढं गेली. मी काही बोललो नाही.

ह्याहून वाईट पुढं आहे. त्या आठवड्यात एका संध्याकाळी अर्जुनाच माझ्यापाशी आला. तिचं कण्हणं वाढलंय म्हणाला. रातच्याला घरीच थांबावं का, असं मनात येतंय. त्यानं मला विचारलं, बघा. मला विचारलं. मी फक्त जा म्हणायचं होतं. कपाटावरच्या कॅलेंडरकडं बोट करून मी त्याला म्हणालो, अरे, होळीला महिना राहिला. इतकं केलंस, आता कशाला पाणी फिरवतोस? त्यानं कॅलेंडर बघितलं. मग घोंगडी झटकली आणि फ्रीजपाशी अंथरली.

मोहिमेच्या सोमवारी मी सकाळी लवकर दवाखान्यात गेलो. अर्जुना कात्रीनं वातीची काजळी कापत होता. एवढ्यात भामाबाई आली. पळत नव्हती, चालतच आली आणि उंबऱ्याबाहेर थांबली.

"अर्जुना, चल. राही गेली," ती म्हणाली.

कवा, असं त्यानं विचारलं. पहाटे कधीतरी, ती म्हणाली. भामाबाईला जाग आली, शेजारून कण्हण्याचा आवाज येईना म्हणून ती बघायला गेली, तर हात गार लागला. म्हणजे शेवटी तिच्याजवळ कोणीच नव्हतं.

अर्जुना उठला नाही. त्यानं वात परत बसवली, काडी ओढली, ज्योत निळी होईपर्यंत तिच्याकडं बघत राहिला. मग हात पुसून भामाबाईच्या मागून गेला. मी तिथंच उभा होतो. त्याला अडवून काही सांगावं, त्याच्याबरोबर जावं, निदान खांद्यावर हात ठेवावा, काहीही केलं नाही. थोड्या वेळानं लस मोजायला घेतली आणि दोनदा चुकलो.

तेरा दिवस मी स्वतः दवाखान्यात झोपलो. दर दोन तासांनी उठून वात साफ केली. लस तर पहिल्या चार दिवसांतच संपली होती, खालच्या कप्प्यात फक्त तो डबा होता. कोणासाठी करत होतो, मला सांगता येणार नाही. झोप मात्र येत नव्हती.

तेरावा झाल्यावर अर्जुना कामावर आला. डोकं भादरलेलं, तोंड ओढलेलं. तो डबा उकिरड्यावर फेकून देईल असं मला वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर त्यानं तो फेकावा अशी माझी इच्छा होती. त्यानं फेकला नाही. कंदांच्या झोपेचे दिवस भरल्यावर डबा काढला, विटांचे बारीक तुकडे, कोळसा आणि शेवाळ घालून मातीच्या पसरट परळात कंद बसवले. नुसते टेकवले, पुरले नाहीत. पाणी घातलं नाही. मुळं सुटेपर्यंत पाणी घालायचं नसतं, असं त्यानं मला न विचारताच सांगितलं. त्या महिन्यात तो आपणहून बोलला ते तेवढंच.

चार कंदांना नुसते कोंब आले. पाचव्याला रंगपंचमीच्या दिवशी फूल आलं. पानाचा पत्ता नाही, वीतभर देठ आणि त्यावर फिकट जांभळं फूल, ओठ झालरीसारखा कातरलेला. सुंदर होतं. मला त्याच्याकडं धड बघवेना. आळीतल्या बाया येऊन बघून गेल्या, कोणी हसलं नाही. भामाबाईनं पदर तोंडाला लावला आणि ती तशीच परतली.

दुपार कलल्यावर दवाखान्यात आम्ही दोघंच राहिलो. अर्जुना परळाजवळ उकिडवा बसला होता. फुलाकडं बघतच त्यानं विचारलं.

"साहेब, तुमी एकदा आमच्या घरी गेला व्हता, शेळीच्या टायमाला. ती काय बोलली का तुमच्यापाशी?"

मी तोंड उघडलं. सगळं जिभेवर आलं होतं. चौदा वर्षं, वाट, रातचं घरी धाडा, सगळं. त्याचं भादरलेलं डोकं मला दिसत होतं आणि माझी लाज मला आतून टोचत होती. त्याला वाचवायचं होतं की मला स्वतःला, ते आजही मला सांगता येत नाही.

"फुलाची वाट बघते म्हणाली," मी म्हणालो.



"मग बरं," तो म्हणाला. "माज्या मनात येत व्हतं, घरी असाय पायजे व्हतं आपुन."

घड्याळात पाच वाजले. त्यानं परळ सावलीला सरकवलं, दवाखान्याची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली आणि जाऊ का म्हणून विचारलं. पौषापासून तो पहिल्यांदाच पाच वाजता घरी निघाला होता. मी जा म्हणालो.