सहभागी क्रमांक चौदा

त्या दिवशी बाबा तिचा चष्मा द्यायला आले होते, एवढंच. सकाळच्या घाईत ती तो बेसिनपाशी विसरली होती. निवृत्त लिफ्ट मेकॅनिकला घरी बसवत नव्हतंच. ते तीन मजले पायऱ्यांनी चढून विद्यापीठाच्या अर्थशास्त्र प्रयोगशाळेच्या दारात पोचले. दुसऱ्याने दुरुस्त केलेल्या लिफ्टवर आपला भरवसा नाही, असं ते नेहमी म्हणायचे.

प्रयोगशाळा म्हणजे आडोसे लावलेले अठरा संगणक आणि काचेमागे सरांची खोली. खेळ जोड्यांचा. जोडीतल्या एकाला दर फेरीला दहा टोकन मिळायची. त्यातली हवी तेवढी त्याने अनोळखी जोडीदाराला पाठवायची. पोचेपर्यंत ती तिप्पट व्हायची, आणि परत किती द्यायची ते जोडीदाराच्या मर्जीवर. माणूस अनोळख्यावर किती विश्वास टाकतो, ते सरांना मोजायचं होतं. सरांचे नियम दोनच, पण कडक: सहभागींशी खोटं बोलायचं नाही, आणि प्रयोग चालवणाऱ्याच्या ओळखीचं कुणी खेळात नको.

ते सत्र ती पहिल्यांदाच एकटीने चालवणार होती. नीट पार पडलं तर विद्यार्थी-सहायकाची जागा पक्की, आणि पुढच्या वर्षी स्वतःचा प्रयोग मांडायची संधी. दीडशे अर्जांतून ती इथवर आली होती.

आले सतराच. शेवटची जोडी अडली, आणि अठरा भरल्याशिवाय सत्र सुरू करता येत नव्हतं. दारावर हजेरी घेणाऱ्या मैत्रिणीने समोर दिसलेल्या म्हाताऱ्यालाच धरलं. ते कोण, हे तिला काय ठाऊक!

"काका, तासभर मोकळा आहे का? एक माणूस कमी पडतोय."

"वेळेला काय तोटा!" म्हणत बाबा चौदा नंबरच्या खुर्चीत जाऊन बसलेसुद्धा.

ती सूचनांचा कागद घेऊन आत आली आणि जागीच थिजली. खरं सांगितलं तर सत्र मोडणार, सतरा जण परत जाणार. काचेमागे सर घड्याळ बघत होते. तिने तोंड उघडलं आणि सूचना वाचायला सुरुवात केली.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग काचेकडे. काय ते त्यांना उमगलं. चष्म्याची डबी हळूच खिशात सरकवून त्यांनी हात वर केला.

"मॅडम, समोरचा कोण ते शेवटपर्यंत कळायचं नाही?"

"नाही. सहभागी क्रमांक चौदा, कृपया मोठ्याने बोलू नका."

"मग विश्वास ठेवायचा तरी कुणाच्या तोंडाकडे बघून?"

अख्खी खोली हसली. ती हसली नाही. तिने तोच परिच्छेद त्याच आवाजात पुन्हा वाचला.

संध्याकाळी घरी बाबा म्हणाले, "काय गं, केवढी कडक! मला तर घाम फुटला."

"बाबा, तिकडे आला होतात ते कुणाला सांगू नका हं. माझी जागा जाईल."

"मी कशाला सांगतोय? मी कुठे ओळखतो त्या बाईंना!"

ती हसून आतल्या खोलीत अभ्यासाला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी दाढीचा साबण अर्ध्या गालावर असताना बाबा कोसळले. दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं होतं. तिने त्यांच्याशी बोललेलं शेवटचं धड वाक्य तिच्या जागेबद्दलचं होतं.

दोन आठवड्यांनी आई म्हणाली, "भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा जाऊन ये." ती गेली. सरांनी उठून तिला खुर्ची दिली, सांत्वनाचे चार शब्द बोलून नेमणुकीचं पत्र पुढे केलं. मग संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला.

"एवढं एक निस्तरू. हा चौदा नंबर बघ. दहाही फेऱ्यांत सगळीच्या सगळी टोकन देऊन मोकळा. समोरच्याने एक परत केलं नाही, तरी हा आपला देतोच आहे. सूचना डोक्यावरून गेल्या असणार. वगळून टाक."

वगळायचं तर कारण लिहावं लागतं; तशी चौकटच असते. तिने 'सूचना समजल्या' एवढं टाइप केलं. 'नाहीत' लिहायला बोटं उठेनात.

"काय झालं? बरं वाटत नाही का?"

"सर, त्यांना सगळं समजलं होतं."

आवाज सूचना वाचतानाचाच निघाला. ती थांबली, आणि पुन्हा बोलली.

"ते माझे बाबा होते. मी पाहिलं होतं त्यांना, आणि ओळख दाखवली नाही."